एका सहलीत राष्ट्रीय उद्याने आणि डिस्क गोल्फ दोन्ही कसे बसवावे?

पत्राचा सारांश : टेक्सासमध्ये बरीच वर्षे राहणाऱ्या एका भगिनींचे हे पत्र आहे. घरात त्या, त्यांचे पती आणि चौदा वर्षांचा मुलगा. सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत; वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर मैलभर चालतात. जूनच्या उत्तरार्धात बारा दिवसांची पश्चिम अमेरिकेची सहल ठरते आहे. पती आणि मुलाने मिळून केलेल्या आराखड्यात लास व्हेगासहून निघून परत तिथेच यायचे असून वाटेत ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ही सात राष्ट्रीय उद्याने आणि डिस्क गोल्फ या चकती फेकून बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाची दहा मैदाने, म्हणजे कोर्स, आहेत. गाडीचा प्रवास सुमारे २,४०० मैलांचा होतो आणि गाडी पती-पत्नी आलटून पालटून चालवणार आहेत. भगिनींचे म्हणणे असे, की हा खेळ बापलेक घराजवळच्या बागेत दर शनिवारी खेळतातच, मग त्यासाठी सहलीचा वेळ का घालवायचा? पतीने तोडगा सुचवला आहे, की ते दोघे खेळतील तेव्हा सासू-सुनेने हॉटेलात आराम करावा. मुलाला तर ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून डिस्क फेकतानाचा व्हिडिओ हवा आहे. डिस्क गोल्फ यादीतून काढूनच टाकावा, की दोन वेगळ्या सहली कराव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातील नाराजीचा सगळा रोख डिस्क गोल्फवर आहे. पण तुम्ही सोबत पाठवलेला आराखडा मी तासांमध्ये मांडून पाहिला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. बारा दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा दिवस विमानप्रवासात जाईल, म्हणजे हाती दहा दिवस राहतात. २,४०० मैल अंतर, डोंगरांतले दुपदरी रस्ते आणि उद्यानांच्या दारातल्या रांगा धरल्या तर चाळीस तासांहून अधिक वेळ गाडीतच जाईल. दहा कोर्सवर प्रत्येकी दोन-अडीच तास धरले तरी खेळाचे वीस ते पंचवीस तास होतात. म्हणजे उद्या तुम्ही दहाही कोर्स खोडून टाकलेत तरी सहलीचा फार मोठा हिस्सा गाडीच्या काचेतून बाहेर बघण्यातच जाणार आहे, आणि त्याचा सर्वाधिक त्रास सासूबाईंच्या गुडघ्यांना होणार आहे. म्हणून खेळ की उद्याने हा वाद क्षणभर बाजूला ठेवा आणि घरात आधी नकाशा किती मोठा असावा यावर बोला. माझ्या मते या बारा दिवसांत एक राज्य नीट पाहून होते, आणि तुमच्या चौघांच्या आवडी लक्षात घेता ते राज्य यूटा असावे.

तत्पूर्वी पत्रातील दोन-तीन गृहीतकांविषयी बोलणे आवश्यक वाटते.

पहिले तुमचे स्वतःचे आहे, की हा खेळ कुठेही खेळता येतो, म्हणून त्यासाठी प्रवास करणे व्यर्थ आहे. नियम सर्वत्र सारखे असतात, हे खरे आहे. साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत डिस्क पोहोचवायची आणि अशी नऊ किंवा अठरा बास्केट पुरी करायची. परंतु कोर्स जमिनीतून घडतो. उतार, झाडे, पाणी, वारा आणि उंची बदलली की तीच डिस्क वेगळी उडते, आणि खेळणाऱ्याला ती जमीन पायांखालून कळत जाते. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह येथे पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला, साखळ्यांचे बास्केटही त्यांनीच घडवले, आणि २००२ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून डिस्क तयार करण्यात आल्या. इतकी निष्ठा ज्या खेळामागे आहे, त्याला आपण घरात चकत्या फेकणे म्हणत राहिलो, तर चौदा वर्षांच्या मुलाला ते लागते, आणि तो बोलून दाखवत नाही.

तुमच्या मुलाच्या दृष्टीने यूटाला आणखी एक महत्त्व आहे, जे कदाचित त्याने तुम्हाला सांगितले नसेल. २०२१ ची जागतिक व्यावसायिक स्पर्धा यूटातील ऑग्डन येथे झाली. शेवटच्या दिवशी शेवटच्या बास्केटवर जेम्स कॉनराड हा खेळाडू पॉल मॅकबेथच्या एका फेकीने मागे होता. त्याने २४७ फुटांवरून फेकलेली डिस्क थेट साखळ्यांत जाऊन अडकली, बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक फेरीत तो विजेता ठरला. हे घडले तो फोर्ट ब्वेनाव्हेंचुरा कोर्स एका सार्वजनिक उद्यानात आहे आणि तिथे कोणालाही खेळता येते. डिस्क गोल्फ खेळणाऱ्या मुलाने ती चित्रफीत पाहिलेली नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. त्याच जागी उभे राहून एक फेक करण्याची इच्छा आणि तुमची आर्चेसमधील डेलिकेट आर्च या दगडी कमानीसमोर उभे राहण्याची इच्छा यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

दुसरे गृहीतक तुमच्या पतींचे. दहा कोर्स ही संख्या कुठून आली, हे त्यांना प्रेमाने विचारा. वाटेत जे जे सापडले ते यादीत घातले, असेच बहुधा उत्तर येईल. जूनमध्ये दक्षिण यूटात आणि लास व्हेगासमध्ये दुपारी पारा ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. तीनशे मैल गाडी चालवून आल्यावर त्या उन्हात अठरा बास्केट पुरी करणे म्हणजे केवळ नोंद करणे होय, त्यात खेळण्याचा आनंद उरत नाही. तीन कोर्स, पण योग्य वेळी आणि ताज्या अंगाने खेळलेले, हे त्यांनाही दहांपेक्षा अधिक आवडेल. यूडिस्क या अ‍ॅपवर कोर्सचे नकाशे, अंतरे आणि खेळाडूंचे अभिप्राय मिळतात. बापलेकांनी त्यावरून निवड करावी, पण तीनच कोर्स निवडायचे, हे आधी ठरवावे.

त्यांचा हॉटेलचा तोडगा मात्र मुळीच मान्य करू नका. एका गाडीच्या सहलीत जे खेळायला उतरतात त्यांना कोर्सवर सोडावे आणि गाडीची किल्ली न खेळणाऱ्यांकडे राहावी, हा साधा नियम मी सुचवीन. मग कोर्स निवडतानाच एक अट आपोआप लागू होते: जवळपास पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात सासू-सुनेला पाहण्याजोगे काही असले पाहिजे. ज्या कोर्सजवळ तसे काही नाही, तो या सहलीपुरता बाद. या अटीनेच तुमच्या यादीतील निम्म्याहून अधिक नावे गळतील, आणि कोणालाही आपल्यावर अन्याय झाला असे वाटणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या दोन पानी पत्रात प्रत्येकाची इच्छा नोंदवलेली आहे, फक्त सासूबाईंची नाही. त्यांचे वय, गुडघे आणि पथ्य यांविषयी तुम्ही मायेने लिहिले आहे, पण त्यांना काय बघायचे आहे हे त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून या उद्यानांची छायाचित्रे दाखवा आणि त्यांच्याच तोंडून ऐका. एखादी व्यक्ती म्हणेल की मला बघायला कमी मिळाले तरी चालेल, पण रोज सामान बांधायला लावू नका. एखादी म्हणेल की इतक्या लांब आले आहे तर ग्रँड कॅन्यन पाहिल्याशिवाय सांगलीला जाणार नाही. या दोन उत्तरांनी दोन वेगळे नकाशे तयार होतात, म्हणून मी दोन्ही मांडते.

पहिला नकाशा लास व्हेगासला उतरून सॉल्ट लेक सिटीहून परतण्याचा. भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसे बहुधा पडतात, ते आधी विचारून घ्या; पण परतीचे चारशेहून अधिक मैल वाचतात आणि एक अख्खा दिवस हाती येतो, म्हणून ते पैसे मला योग्य वाटतात. एकूण प्रवास हजार मैलांच्या आत राहतो. पहिली रात्र लास व्हेगासमध्ये काढा. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, विमानतळापासून जवळच असलेल्या सनसेट पार्कमध्ये बापलेकांना खेळू द्या. तिथे तळे आहे, झाडे आहेत, तुम्हा दोघींची सकाळची फेरी होईल. मग सुमारे १६० मैलांवरच्या झायनकडे निघा. यूटाचे घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असते, हे आरक्षणाच्या वेळा ठरवताना विसरू नका. वाटेत सेंट जॉर्ज हे मोठे गाव लागते. सासूबाईंच्या जेवणासाठी तांदूळ, डाळ, दही आणि भाज्या तिथेच भरून घ्या, कारण पुढच्या लहान गावांत शाकाहारी जेवणाची सोय बेताची असते. स्वयंपाकघर असलेले मुक्काम निवडले, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

झायनला तीन रात्री राहा आणि तिथे डिस्कची पिशवी खोलीबाहेर काढूच नका. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या दरीच्या मुख्य रस्त्यावर उन्हाळ्यात खासगी गाड्यांना बंदी असते आणि उद्यानाच्या बसने फिरावे लागते. सासूबाईंच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे. थांब्यावर उतरावे, बसून पाहावे, पुढची बस पकडावी. नदीकाठची रिव्हरसाइड वॉक ही वाट बरीचशी सपाट आणि फरसबंद आहे, जाऊन-येऊन सव्वादोन मैलांची. त्यांना वाटेल तिथून परतता येईल. ती वाट जिथे संपते, तिथून पुढे नदीच्या पात्रातून चालत अरुंद खिंडीत शिरता येते, तेवढा भाग तुमचा मुलगा आणि त्याचे वडील करतील. एंजल्स लँडिंगच्या चढाईसाठी २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. तो कडा अरुंद आहे, साखळ्या धरून चढावे लागते. मुलाला उंचीची भीती वाटत असेल, तर मन वळवण्याच्या फंदात पडू नये.

झायनहून ब्राइस कॅन्यन सुमारे ८५ मैल. मला विचाराल तर या संपूर्ण प्रवासातील सर्वांत सुंदर जागा हीच आहे, आणि तिला बहुतेक लोक अर्धा दिवस देऊन निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. इथे दोन रात्री राहा. ऊन, पाणी आणि बर्फ यांनी कोरलेले हजारो केशरी-गुलाबी सुळके एका अर्धवर्तुळाकार खोलगटात उभे आहेत, आणि सूर्योदयाच्या वेळी प्रकाश त्यांच्या आतून आल्यासारखा दिसतो. सनराइज पॉइंट आणि सनसेट पॉइंट यांमधली कड्याकाठची वाट फरसबंद आणि सौम्य आहे, बसायला बाके आहेत. रात्री आकाश इतके काळे असते की आकाशगंगा डोळ्यांनी स्पष्ट दिसते. सासूबाईंना शाल आणि कानटोपी घालून थोडा वेळ बाहेर अवश्य बसवा. हा कडा समुद्रसपाटीपासून ८,००० ते ९,००० फुटांवर आहे, म्हणून जूनमध्येही रात्री थंडी असते आणि धाप लवकर लागते. पहिल्या दिवशी त्यांनी हळू चालावे, पाणी अधिक प्यावे, आणि रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध चालू असेल, तर या उंचीविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

ब्राइसच्या मुक्कामातील एक दिवस बापलेकांचा. तिथून तास-सव्वा तासावर ब्रायन हेड हे स्कीचे गाव आहे. उन्हाळ्यात तिथल्या डोंगरउतारावर डिस्क गोल्फ खेळता येतो. हंगाम सुरू झाला आहे का, हे मात्र आधी पाहून घ्या, कारण त्या उंचीवर बर्फ उशिरापर्यंत राहतो. त्यांना तिथे सोडून तुम्ही दोघी थोड्याच अंतरावरच्या सीडर ब्रेक्स या राष्ट्रीय स्मारकाला जा. दहा हजार फुटांवरचा तो कडा ब्राइसच्याच जातीचा आहे, गर्दी पुष्कळ कमी, आणि मुख्य दृश्य पाहण्यासाठी फार चालावे लागत नाही.

इथे खेळासंबंधी थोडे सविस्तर लिहिते, कारण सपाटीवरून डोंगरात जाणाऱ्या सर्वच खेळाडूंना ते उपयोगी पडेल. ब्रायन हेडच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असते. डिस्कला उचलून धरणारी हवाच विरळ असल्यामुळे ती कमी तरंगते आणि उजव्या हाताने, पाठीकडून फेकली असेल, तर शेवटी डावीकडे लवकर आणि जोरात वळते. टेक्सासमध्ये सरळ जाणारी डिस्क इथे हट्टाने डावीकडे जाईल आणि मुलगा स्वतःच्या हाताला दोष देत बसेल. म्हणून वेगाने फेकल्यावर सहज उजवीकडे झुकणाऱ्या, खेळाडू ज्यांना अंडरस्टेबल म्हणतात त्या डिस्क सोबत न्याव्यात आणि उतारावर पहिल्या काही फेकी अंदाज घेण्यासाठीच कराव्यात. एक डिस्क साधारण १७० ग्रॅमची असते. वीस डिस्कची पिशवी घेऊन विमानात चढण्यापेक्षा सहा-सात निवडक डिस्क, प्रत्येकीवर दूरध्वनी क्रमांक लिहून, पुरेशा होतात. त्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत, प्लास्टिक वाकते.

ब्राइसहून १२ क्रमांकाच्या महामार्गाने कॅपिटल रीफकडे जा. तुमच्या मूळ यादीत हे उद्यान नाही, पण ते वाटेतच आहे, आणि तो रस्ताच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. दोन्ही बाजूंना दऱ्या आणि मधून धारेवरून जाणारा डांबरी पट्टा. गाडी दिवसाउजेडी आणि सावकाश चालवा. तिथल्या फ्रूटा या जुन्या वस्तीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा उद्यानाने जपल्या आहेत, आणि जूनच्या शेवटी चेरी आणि जर्दाळू पिकले असतील, तर ते झाडाखाली बसून खाता येतात. शेजारच्या खडकावर प्राचीन फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कोरलेली चित्रे रस्त्यालगतच दिसतात. एक रात्र पुरे.

मग आर्चेस आणि कॅन्यनलँड्सजवळचे मोआब गाव, दोन रात्री. सकाळी सहाला निघून दहाच्या आत परत, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा बाहेर, असाच दिवस इथे चालतो. डेलिकेट आर्चपर्यंतची वाट येऊन-जाऊन तीन मैलांची, चढाची आणि सावलीविना आहे, तेव्हा ती तुम्ही तिघांनी आलटून पालटून करावी. सासूबाईंना खालच्या दर्शनस्थळावरून ती कमान दुरून दिसेल, आणि विंडोज या भागातील प्रचंड कमानी तर वाहनतळाजवळच आहेत. माणशी दिवसाला चार लिटर पाणी ही अतिशयोक्ती समजू नका. दक्षिण यूटात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वळवाच्या पावसाने दऱ्यांत अचानक पूर येतात. तुमची जूनची वेळ त्याच्या आधीची आहे, तरीही अरुंद खिंडीत शिरण्यापूर्वी त्या दिवसाचा इशारा पाहावाच.

शेवटच्या दोन रात्री सॉल्ट लेक सिटीत. तिथून ऑग्डन चाळीस मैलांच्या आत आहे. फोर्ट ब्वेनाव्हेंचुरा हे नाव तिथल्या १८४६ सालच्या लाकडी गढीवरून आले आहे; माइल्स गुडइयर नावाच्या व्यापाऱ्याने ती बांधली होती आणि तिची प्रतिकृती त्या जागी उभी आहे. मोठमोठी कॉटनवूडची झाडे, तळे, सावली. या एका कोर्सवर तुम्ही दोघींनीही सोबत असावे, असे मला मनापासून वाटते. डिस्क कुठे पडते हे पाहण्यासाठी पुढे, फेकीच्या रेषेपासून बाजूला, एकाने उभे राहायचे असते; सासूबाईंना आवडले तर दोन-चार बास्केटपुरते ते काम नातवाने आजीकडे द्यावे.

सासूबाईंचे उत्तर ग्रँड कॅन्यन असे आले, तर दुसरा नकाशा घ्या. त्यात मोआब, कॅपिटल रीफ आणि ऑग्डन वगळावे लागतील, आणि मुलाला त्याचे कारण आजीच्या देखत नव्हे, एकट्याला सांगावे. लास व्हेगासहून फ्लॅगस्टाफला जाऊन तीन रात्री राहा. ते गाव पाइनच्या जंगलात सुमारे सात हजार फुटांवर आहे, त्यामुळे जूनमध्येही हवा सुसह्य असते, आणि गावातील थॉर्प पार्क तसेच दक्षिणेकडील फोर्ट टटहिल येथे डिस्क गोल्फचे कोर्स आहेत. तिथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे ८० मैल. कड्याकाठची वाट बरीचशी फरसबंद आहे आणि उद्यानाच्या बस मोफत आहेत. मग पेज या गावावरून झायन, ब्राइस आणि पुन्हा लास व्हेगास. उत्तर कडा नकाशावर झायनला जवळ दिसतो, म्हणून मोह होईल. परंतु तिथले ऐतिहासिक लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेले आहे, तेव्हा या खेपेस दक्षिण कडाच धरा.

आता मुलाच्या व्हिडिओविषयी. कड्यावरून डिस्क फेकू देऊ नका, आणि यात तडजोड नको. राष्ट्रीय उद्यानांच्या केंद्रीय नियमांनुसार दरीत किंवा डोंगरउतारावर दगड अथवा कोणतीही वस्तू फेकण्यास मनाई आहे. खाली पायवाटांवर माणसे असतात आणि शेकडो फुटांवरून आलेली पावणेदोनशे ग्रॅमची कडक चकती एखाद्याला गंभीर जखमी करू शकते. २०२२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून गोल्फचा चेंडू मारतानाचा व्हिडिओ टाकणाऱ्या एका तरुणीवर कायदेशीर कारवाई झाली होती. मुलाला हे रागावून सांगू नका. त्याला मोठ्या उतारावर डिस्क दूरवर तरंगत जाताना पाहायची आहे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि ब्रायन हेडचा उतार ती पुरी करू शकतो. आणखी एक गोष्ट त्याला समजावून द्या. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स परिसरातील वाळूवर काळपट खडबडीत थर दिसतो, तो सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांचा जिवंत थर आहे. तो वाळू धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडला तर पूर्ववत व्हायला अनेक वर्षे लागतात. मोआबच्या आसपासच्या वाळवंटी कोर्सवर खेळायचे ठरलेच, तर पायवाट सोडून डिस्क आणायला धावायचे नाही. दगडावरून किंवा कोरड्या ओढ्यातून जायचे.

दोन वेगळ्या सहलींचा तुमचा पर्याय मी टाकाऊ मानत नाही. मुले लहान असताना, किंवा घरातील दोघांच्या सुट्ट्या जुळतच नसतील, तेव्हा तो योग्य असतो. पण सासूबाई सहा महिन्यांसाठीच इथे आहेत, आणि चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आपणहून वेळ घालवतो आहे; या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात जुळून आल्या आहेत. म्हणून या वर्षी एकत्रच जा. यलोस्टोन आणि ग्रँड टीटन मात्र पुढच्या एखाद्या वर्षासाठी ठेवा. एकट्या यलोस्टोनमधील मुख्य वर्तुळाकार रस्ता १४२ मैलांचा आहे, त्याला चार दिवस तरी द्यावेत, आणि टीटन पर्वतांच्या पश्चिमेला ग्रँड टार्गी येथे डिस्क गोल्फही आहे, तेव्हा ती सहलही दोघांच्या मनासारखी होईल. कॅलिफोर्नियात नातेवाईक असलेल्या वाचकांना हाच विचार सॅन फ्रान्सिस्कोचे गोल्डन गेट पार्क, सांता क्रूझचा डेलाव्हियागा कोर्स आणि योसेमिटी यांच्याभोवती करता येईल.

शेवटी खर्च आणि आरक्षण. उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांसाठी ८० डॉलरचा आहे. १ जानेवारी २०२६ पासून अनिवासी पाहुण्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला असून वार्षिक पास नसलेल्या, सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या अनिवासी व्यक्तीला अकरा गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज प्रत्येकी १०० डॉलर भरावे लागतात. त्या अकरांत झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन आहेत. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ नाहीत. सासूबाई पर्यटक म्हणून आल्या आहेत, तेव्हा तुमच्या गाडीला आणि पासला हा नियम कसा लागू होतो, हे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अधिकृत पानावर वाचूनच पास घ्या आणि सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवा. आर्चेससारख्या उद्यानांत प्रवेशाच्या वेळेचे आरक्षण लागते की नाही, हे वर्षागणिक बदलत आले आहे, तेही त्याच वेळी पाहा. सासूबाईंचा प्रवासी आरोग्य विमा सहलीच्या सर्व दिवसांना पुरतो ना, हे तपासा. मुक्कामांत सर्वांत आधी झायनजवळच्या स्प्रिंगडेलच्या तीन रात्री आणि ब्राइसच्या दोन रात्री पक्क्या करा, कारण जूनमध्ये तिथल्या खोल्या लवकर भरतात; सासूबाईंचे उत्तर काहीही आले, तरी या पाच रात्री दोन्ही नकाशांत आहेत, पण त्यांच्या तारखा वेगळ्या येतील, म्हणून रद्द करता येईल असेच आरक्षण घ्या.